दादाच्या पोटातला फुगा

आमच्या दादाइतका भित्रा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही, आणि हे मी त्याचा सख्खा धाकटा भाऊ म्हणून पूर्ण जबाबदारीने सांगतो. वणीहून कोळशाचा ट्रक भरून चंद्रपूरच्या रस्त्याला लागला की तो कुणाच्या बापाला भ्यायचा नाही. पण ट्रकमधून खाली उतरला की संपलं! पाल दिसली की हा खाटेवर, वीज चमकली की घरचा मेन स्विच बंद, आणि इंजेक्शनचं नाव काढलं की बनियन घामाने ओलं. वहिनी म्हणायची, "यायनं जिवाले जपलं तेवढं गाडीले जपलं असतं, तं आज नवी गाडी दारात असती."

अशा माणसाला आजार व्हावा तो नेमका असा. मुतखड्याचा संशय म्हणून सोनोग्राफीला गेला आणि निघालं भलतंच. पोटातल्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीला फुगा आलेला. अशा नसेची भिंत कमजोर होते, रक्ताच्या दाबाने फुगत जाते, आणि फुटली तर माणूस दवाखान्यापर्यंत पोचेलच असं नाही. डॉक्टर म्हणाले, "सध्या लहान आहे. बिडी आजपासून बंद, बीपीची गोळी रोज, आणि सहा-सहा महिन्यांनी तपासायचं. मोठा झाला तरच ऑपरेशन." दादा बाहेर आला तो पांढराफटक. "अबे, टायरले असा फुगा आला तं आपण गाडी साइडले लावतो! अन् हा मानूस म्हनते, सहा महिने चालव अन् मंग दाखव!" मी हसलो खरा, पण घरी पोचेपर्यंत त्याला पिशवीसुद्धा उचलू दिली नाही.

बिडी त्याने त्याच दिवशी टाकली, गोळीही कधी चुकवली नाही. पण जन्मभर चाकांच्या संगतीत राहिलेला माणूस, त्याने घरचा म्हणून जो इलाज सुरू केला तो चाकाचाच! ओव्हरलोड नको म्हणून अर्धी भाकर. उन्हात टायर फुटतात म्हणून उन्हाळाभर पोटावर ओला दुपट्टा. आणि ड्रायव्हर लोक निघण्याआधी टॉमीच्या लोखंडी दांड्याने टायर ठोकून हवा जोखतात ना, तसा हा रोज सकाळी पोटावर बोटं वाजवून कान देऊन बसायचा. "पाह्य बरं, आज आवाज बद्द येऊन राह्यला का?" मला विचारायचा. मी काय सांगणार, कपाळ! पुढच्या तपासणीत डॉक्टरांना हे कळलं तेव्हा ते असे खवळले, की बाहेर बसलेले पेशंट उठून उभे राहिले. त्यात ओल्या दुपट्ट्याने सर्दी झाली आणि शिंका सुरू झाल्या. शिंक येतेय असं वाटलं की दादा दोन्ही हातांनी पोट धरून भिंतीला टेकायचा, वहिनी हातातलं टाकून धावायची, आणि शिंक झाल्यावर आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत उभे. "हाय मी अजून," असं तो म्हणेपर्यंत कुणी जागचं हलत नसे.

दुसऱ्या वर्षी फुगा वाढला. आता थांबण्यात धोका होता. नागपूरच्या डॉक्टरांनी समजावलं की पोट उघडून फुगलेल्या जागी कापडाची नळी शिवतात.

"कायचं कापड?" दादाने विचारलं.

"पॉलिस्टरचं."

"आपल्या इकडं एवढा कापूस पिकते, अन् पोटात पॉलिस्टर?" म्हणाला, आणि स्वतःच हसला. मग एकदम उठलाच. "मले नाही करायचं. जे होईन थे घरी होईन." वहिनीने हात जोडले, मी ओरडलो, पण तो दारापर्यंत पोचला होता. तेव्हा डॉक्टर शांतपणे म्हणाले, "ऑपरेशन करा नाहीतर नका करू, एक गोष्ट सांगून ठेवतो. हा आजार भावाभावांतही आढळतो. तुमच्या भावाने एकदा तपासून घ्यावं. एकाचा फुगा वाढतो आणि दुसऱ्याचा तसाच राहतो, हे का, ते आम्हालाही पुरतं माहीत नाही. म्हणून ऑपरेशनच्या वेळी पेशंटची परवानगी असेल तर नसेचा छोटा तुकडा आम्ही अभ्यासाला ठेवतो."

"तुमालेबी माईत नाही?" दादा दारातच थबकला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. आजवर इतक्या गोष्टींना भ्यालेला बघितला होता त्याला, पण ही भीती वेगळी होती. "घ्या तुकडा," म्हणाला. "लागन तेवढा घ्या. कदी करता ऑपरेशन?"

वाचला तो. हाडकला, आवाज बारीक झाला, पण वाचला. चालता-फिरता झाल्याबरोबर त्याने पहिलं काम काय केलं, तर मला धरून नागपूरला नेलं. मी टेबलावर, आणि हा बाहेर बाकावर. माझ्याही नसेला फुगा निघाला. लहान आहे म्हणाले, लक्ष ठेवू म्हणाले. लहान म्हणजे किती लहान, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसलो. बस खड्ड्यात आदळली की माझा हात आपोआप पोटावर जायचा. वरोरा मागे पडल्यावर दादाने माझा हात आपल्या हातात घेतला. "भेऊ नको बे," म्हणाला. "तुहा लहान हाय. अन् माहा तुकडा थे लोक पाहून राह्यलेच ना. तुही बारी येईपर्यंत सापडन त्यायले काहीतरी." खड्डा आला की तोच डोळे घट्ट मिटून घ्यायचा. पण वणी येईपर्यंत त्याने माझा हात सोडला नाही.