हुजूर विचार करतायत

खुर्ची पुढं केली की काका ती बाजूला सारायचे आणि जमिनीवर मांडी घालायचे. "खुर्चीवर बसलं की मानसाला कमी ऐकू येतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल. आमच्या परंड्यात हे होते.

पोटासाठी ते कचेरीसमोर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज उर्दूत लिहून देत. त्याचा त्यांच्याकडं सरकारी परवाना होता. जिवासाठी मात्र नाटकं लिहीत. माझं शिंप्याचं दुकान समोरच, म्हणून पोशाख माझ्याकडं. आणि अभिनय येत नसल्यानं दरबानाचं कामही माझ्याकडंच.

निजामाच्या राज्यात नाटकाला अमीनसाहेबांची, म्हणजे पोलीस अंमलदाराची, परवानगी लागे. काकांनी सांगितलं, "दरबाराचं नाटक हाय साहेब. पानोपानी सलाम." अमीन खूश झाले. राजाचं सोंग कुणी आणायचं नाही, एवढीच त्यांची अट. "मग नुसती खुर्ची ठेवतो," काका म्हणाले, आणि खुर्चीही त्यांचीच मागून आणली. गावात तेवढी ऐटबाज खुर्ची दुसरी नव्हती.

पडदा उघडला. एकेक जण येऊन रिकाम्या खुर्चीला सलाम करी आणि अर्ज वाची. वेठीला नेलेला बैल परत आला नाही. विहिरीवर पाणी भरू देत नाहीत. अर्ज सगळे खरे, लिंबाखाली लिहिलेले. प्रत्येक अर्जानंतर मी काठी आपटून म्हणायचं, "हुजूर विचार करतायत." तिसऱ्या वेळेला लोकच माझ्याआधी म्हणाले.

समोर बसलेले अमीन उठले. "कुर्सी हमारी है," ते म्हणाले, "उठाव." शिपायानं खुर्ची नेली. मी विंगेत पाहिलं. आता परवाना जाणार, हे काकांना कळलं होतं. तरी ते हळूच म्हणाले, "थांबू नगा. खुर्ची हुती तिथंच सलाम करा."

मग मोकळ्या जागेला सलाम झडू लागले आणि हसून हसून लोकांची पोटं दुखली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच परवाना गेला. काकांनी लिंब सोडला आणि माझ्या दुकानात मशीनशेजारी बैठक मारली. कचेरीत त्यांचं अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ते मजकूर सांगत, मी कोंबडीच्या पायांची उर्दू खरडत असे. लोक ज्वारी आणून टाकत. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात मजेचे दिवस.

निजामाचं राज्य गेल्यावर काकांनी तेच नाटक पुन्हा लावलं. "आता कशाला?" मी विचारलं.

"अर्ज बदललेत का, बघ की."

नव्या साहेबांनी हौसेनं आपली खुर्ची दिली. पहिल्या अर्जाला ते खळखळून हसले, तिसऱ्याला गप्प झाले. पण खुर्ची शेवटपर्यंत राहू दिली. "एवढा तर फरक पडला," असं काका पुढं कौतुकानं सांगत.

काका गेले. शोकसभेत कुणीतरी खुर्ची मांडून तिच्यावर त्यांचा फोटो ठेवला. मला ते बघवेना. मी फोटो उचलून सतरंजीवर ठेवला. मागं रिकामी खुर्ची राहिली.

तेवढ्यात मागून एक म्हातारा पुटपुटला, "हुजूर विचार करतायत."

डोळे पुसता पुसता सगळी सभा हसली. हातात काठी असती तर मी आपटली असती.