पट्टे स्थिर होईपर्यंत

नोकरीसाठी बंगळुरूला निघाले तेव्हा देगलूरच्या स्टँडवर मी यादी वाचत होते आणि आई पिशव्या मोजत होती. गाडी हलली तशी ती खिडकीपाशी आली. "हिकडचं काई मनात आणू नको. मी बरी हाय." त्याला चोवीस वर्षं झाली. वडील गेल्यापासून ती एकटी आहे आणि फोनवर अजूनही तेच वाक्य आहे.

माझं काम दुर्बिणींच्या आरशांचा खरा आकार मोजण्याचं. लेसरचा प्रकाश एका प्रमाण भिंगावरून आणि आरशावरून परत येतो. दोन्ही एकत्र आले की पडद्यावर काळे-उजळ पट्टे उमटतात. पट्टा वाकला की तिथे खोट. केसाच्या हजाराव्या भागाइतकीही सापडते. फक्त जवळ माणूस नको. अंगाच्या उबेने हवा हलते, पट्टे थरथरतात. म्हणून आरसा बसवला की आम्ही दार लावून बाहेर येतो आणि मोजणी बाहेरून चालवतो.

आई एकटी राहू शकते का, हे देगलूरच्या या खेपेला ठरवायचं होतं. कागदावर चार कलमं होती: गॅस, गोळ्या, जिना, आंघोळ. तुम्हीही बाहेर राहत असाल तर अशी यादी केली असेल. दोन दिवसांत चारही गोष्टींवर बरोबरची खूण झाली. वर आईने धपाटेही केले.

शेजारच्या कमलकाकू दारात हसल्या. "तू आलीस की लई पळतीय तुझी माय. एरवी दहा वाजले तरी दाराची कडी निघंना."

"कमलला दुसरा धंदा न्हाई," आई आतून म्हणाली. मागच्या वेळी मी लावलेल्या कॅमेऱ्यावर तिचा टॉवेल वाळत होता.

आरसा हाताळला की त्याला निवायला वेळ द्यावा लागतो. तसाच आईलाही द्यावा म्हणून मी तिकीट आठ दिवस पुढे ढकललं. सहाव्या सकाळी ती भिंत धरत स्वयंपाकघराकडे निघालेली दिसली. चहा मी करते म्हटलं, ऐकेना. उंबऱ्यापाशी पोचली आणि तिथेच खाली बसली.

"तू जा माय आता. तू हायस तवर मला निजता येईना."

"मग बंगळुरूला चल."

"तिथं तर तू रोजच असतीस," म्हणाली आणि हसली.

राहिले तर ती थकते, गेले तर मला काही कळत नाही. तिकीट बदलून दुसऱ्याच दिवशी मी निघाले. आता घर म्हणजे, मी निघून गेल्यावर आई जिथे निवांत आडवी होते ती खोली.