नवमीचा रोलर

नवरात्रात एखाद्या पोलीस ठाण्याच्या आवारात बंदुका पुसायला बाहेर काढलेल्या दिसल्या, की मला अजून एक दगडी रोलर आठवतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण निवृत्तीनंतर कुणी एखादी केस सांगा म्हणालं, की मी हीच सांगतो. ऐकणारे जरा हिरमुसतात, त्याला माझा इलाज नाही.

तेव्हा मी रोह्याला पोलीस निरीक्षक होतो. घट बसून काही दिवस झाले होते. सकाळी ठाणे अंमलदार हसू दाबत केबिनमध्ये आला आणि म्हणाला, "साहेब, क्रिकेटचा रोलर चोरीला गेलाय. फिर्यादी बाहेर बसलेत."

फिर्यादी म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांना कामगार पुरवणारा एक ठेकेदार. आमच्या भागात टेनिस बॉलच्या क्रिकेटचं वेड किती आहे ते बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. मुंबईतल्या मोठ्या लीगचं बघून इथेही लीग निघाल्या. हॉल भाड्याने घेऊन खेळाडूंचा लिलाव होतो, आणि प्रत्येक संघाला मालक असतो. हा ठेकेदार अशाच एका संघाचा मालक होता. आदल्या संध्याकाळी मैदानावरचा रखवालदार देवीच्या आरतीला गेला, तेवढ्यात रोलर गायब झाला.

असला धोंडा कुणी पळवेल, असं मला वाटत नव्हतं. म्हणून मी मालकाला संघाची कुळकथा विचारली. ती त्याला अर्धीच ठाऊक होती, उरलेली मी पुढे गोळा केली.

संघ मूळचा पेणच्या खाडीकाठच्या एका गावातला. मिठागरात राबणाऱ्या लोकांनी तो उभा केला. खारबांधाजवळची जमीन त्यांनी स्वतः सपाट केली आणि त्यांच्या कॅप्टनने खाणीतून दगड आणून पाथरवटाकडून रोलर घडवून घेतला. तेव्हा संघाला गावदेवीचं नाव होतं. लीग आली तशी पेणच्या एका बिल्डरने संघ घेतला, इंग्रजी नाव ठेवलं, जर्सीवर वाघ छापला. पुढे त्याचा उत्साह आटला आणि त्याने संघ रोह्याच्या या ठेकेदाराला सामानासकट विकला. वाघ जाऊन गरुड आला. गावातले खेळाडू लिलावात कुठे कुठे पांगले. नव्या मालकाने क्रेन पाठवून रोलर उचलून आणला. पहिल्या दिवसापासूनचं संघात एवढंच काय ते उरलं होतं.

मी अज्ञात इसमांविरुद्ध गुन्हा नोंदवून घेतला. मालकाला ते पुरेसं वाटेना. संघाच्या जुन्या विकेटकीपरचं नाव आरोपी म्हणून घाला, असा त्याचा हट्ट होता. संघ रोह्याला गेला तेव्हा सगळ्यात जास्त आरडाओरडा त्यानेच केला होता म्हणे. नाराजीवरून गुन्हे दाखल करायला लागलो तर ठाण्यात कागद पुरणार नाहीत, असं सांगून मी त्याला वाटेला लावलं.

पण दुसऱ्याच दिवशी खबर आली. हायवेवर खांब गावात पंक्चर काढणारा एक जण आमच्या माहितीतला होता. त्याने सांगितलं, की रोलर गेला त्या संध्याकाळी एक पिकअप मागून पार दबलेली आली आणि टायर बसला. मागे पेंढा टाकलेला होता. गाडीतली मंडळी माल खाली उतरवायला तयार नव्हती, तशीच जॅक लावा म्हणत होती. पेणकडे जायला रोह्याहून नागोठण्याचा जवळचा रस्ता सोडून, खिंडीचा चढ टाळायला ती कोलाडवरून आली असणार. चालवणाऱ्याला त्याने ओळखलं होतं. तो विकेटकीपरच होता.

पेणच्या पोलिसांना कळवून मी त्याला बोलावून घेतलं. पंचविशीच्या आतबाहेरचा, अंगाने काटक. विचारपूस सुरू केली आणि कळलं, की त्याची पोलीस भरतीत निवड झाली आहे, फक्त चारित्र्य पडताळणी राहिली आहे. मला मनापासून वाईट वाटलं. गुन्ह्यात नाव लागलं असतं तर त्याची वर्दी शिवण्याआधीच उसवली असती.

संशयित सहसा दोन तऱ्हेचे असतात. एक फार बोलतो, दुसरा मुळीच बोलत नाही. हा दोन्हींत बसेना.

"गाडी मी चालवली," तो शांतपणे म्हणाला. "बाकी कोण होतं ते नाय सांगणार."

"रोलर कुठे आहे?"

"उद्या दुपारी सांगतो, साहेब. आज नाय."

माझा पारा चढला. ही काय सौदा करायची वेळ आहे का, असं मी त्याला बरंच सुनावलं. पडताळणीची आठवणही करून दिली. त्याचे डोळे भरले, पण तो पुन्हा 'उद्या दुपारी' एवढंच म्हणाला. त्याचा जबाब मी अजून लिहून घेतला नव्हता. का कोण जाणे, तो घ्यावासा वाटेना. सकाळी हजर राहण्याची नोटीस दिली आणि त्याला घरी सोडलं. मालकाने माझ्याविरुद्ध वर तक्रार करण्याची धमकी दिली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. रिवाजाप्रमाणे ठाण्यात शस्त्रपूजा मांडली होती. टेबलावर रायफली, काठ्या, बेड्या, सगळ्यांना झेंडूची फुलं. आमची हवालदारबाई जीपच्या बॉनेटला कुंकू लावत होती. नोटीस देऊनही पोरगा आला नव्हता. मालक मात्र आला होता आणि आरोपीचं नाव कधी घालणार म्हणून माझ्या मागे लागला होता. माझं लक्ष त्या कुंकवाकडे होतं. ज्याच्यावर आपली रोजीरोटी, त्याची आज पूजा. आणि पोरगा म्हणाला होता, उद्या दुपारी.

"गाडीत बसा," मी मालकाला म्हणालो. "तुमचा रोलर दाखवतो."

पेणच्या एका अंमलदाराला वाटेत सोबत घेतलं आणि आम्ही खाडीकाठच्या त्या गावात पोचलो. बांधाजवळच्या मैदानात रोलर होता. धुऊन लख्ख केलेला, हळदकुंकू लावलेला. त्याला टेकवून जुन्या बॅटी आणि मिठागरातली अवजारं ठेवली होती. पांगलेले सगळे जुने खेळाडू तिथे जमले होते. आम्हाला बघून विकेटकीपर पुढे आला आणि स्वतःहून जीपजवळ उभा राहिला.

पूजेला बसलेली बाई त्या रोलर घडवणाऱ्या कॅप्टनची विधवा होती. सगळं गाव तिला वयनी म्हणायचं. मालक तिच्यावर ओरडला, की हा रोलर मी विकत घेतलाय.

"व्हय, तुमचाच हाय," वयनी उठून म्हणाली. "पूजा झाली की पोरं आणून सोडणार व्हती. नाव बदललं, वाघ गेला, गरुड आला, आमी काय बोललो? पण आज याला तुमच्याकडं कुणी धुतला असता का?"

मग तिने पुढे येऊन मालकाच्या हातात नारळ दिला.

"नारळ कॅप्टन फोडायचा. आमचे हे आता नाय. संघ तुमचा हाय, तुमी फोडा."

मालकाने बूट काढले. पहिल्या दणक्याला नारळ फुटेना तेव्हा पोरं हसली, आणि मालकही हसला. दुपारी त्याच पिकअपमधून रोलर रोह्याला परत आला. मालकाने लेखी दिलं, की चोरीचा उद्देश नव्हता, आपला गैरसमज झाला होता. मी क समरीचा, म्हणजे गैरसमजातून गुन्हा नोंदला गेल्याचा, अहवाल पाठवला आणि कोर्टाने तो मान्य केला. आरोपीच्या रकान्यात कुणाचंच नाव लागलं नाही.

या केसनंतर मी एक सवय लावून घेतली. वस्तू कोणी नेली हे विचारायच्या आधी, ती कुणाला काय होती हे विचारायचं. पुष्कळदा चोरीचा छडा तिथेच लागतो. नंतर संघ आणखी एकदा विकला गेला, जर्सी पुन्हा बदलली. पण रोलर नवमीला गावी न्यायचा, हे नव्या मालकाला सांगूनच सौदा झाला.

पोरगा पोलीस झाला. आमच्या खात्यात नवरात्रात रजा मिळत नाही, हे त्याला भरती झाल्यावर समजलं. नोकरीला लागल्यापासून एकाही नवमीला त्याला गावी जाता आलेलं नाही. दरवर्षी त्याचा फोन येतो, "साहेब, यंदाही बंदोबस्त लागलाय. तुमी जाल ना?"

मी जातो. आता मला सुट्टीच सुट्टी आहे. वयनी माझ्या हातात एक फूल देते, मी ते रोलरला वाहतो. मग ती विचारते, पोर नाय आला? मी नाही म्हणतो. ती दुसरं फूल पुढे करते आणि म्हणते, "मंग हे त्याचं."