तीनच्या आत इन्स्टॉलेशन

"इन्स्टॉलेशन फेल्ड. प्लीज ट्राय अगेन."

ही पाटी स्क्रीनवर पाचव्यांदा आली तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. सायलीची ऑनलाइन परीक्षा तीनला. तीन दहाला लॉगिन बंद. त्यानंतर पाया पडलात तरी आत घेत नाहीत. आणि जे सॉफ्टवेअर बसल्याशिवाय परीक्षेचं पानच उघडत नाही, ते बसायचं नाव घेत नव्हतं.

"मुकुंददादा, होईल ना?"

"होणार म्हणजे होणार," मी म्हणालो. आमच्या धंद्यात हे वाक्य कारण सापडायच्या आधीच म्हणायचं असतं.

हैदराबादच्या अंबरपेठेत माझं कम्प्युटरचं छोटं दुकान आहे, विक्री आणि दुरुस्ती. बावीस वर्षं झाली. पितृपक्ष चालू होता. त्या पंधरा दिवसांत आमची बहुतेक गिऱ्हाइकं नवीन वस्तू घेत नाहीत, "दसऱ्याला बघू" म्हणतात. मी दुकानात माश्या मारत बसलो होतो. सायलीचा फोन आला तशी बॅग उचलली आणि दहा मिनिटांत बरकतपुऱ्यात पोचलो.

सायली पुण्याची. लग्न होऊन इथे आली. मुलगी झाल्यावर नोकरी सोडली, त्याला सहा वर्षं झाली. मुलगी शाळेत जायला लागल्यावर ती पुन्हा नोकरी शोधत होती. दोन ठिकाणी नकार आला. या तिसऱ्या कंपनीनं परीक्षेला बोलावलं, तेही एकदाच. ईमेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की तारीख बदलून मिळणार नाही. नेमका त्याच आठवड्यात तिचा जुना लॅपटॉप मेला, म्हणून घाईनं नवा कम्प्युटर घेतला. माझ्याकडून नाही, दिलसुखनगरहून. असो.

नवरा कामासाठी बंगळुरूला. घरात ती आणि तिचे सासरे, माणिकराव. मूळचे देगलूरकडचे, पण जन्म हैदराबादचा. सरकारी नोकरीतून रिटायर होऊन पंधरा वर्षं झालेली. ते दारातल्या खुर्चीत बसून आमच्याकडे बघत होते.

"काय होलालंय, बाबा?" त्यांनी मला विचारलं.

"बघतोय, माणिककाका."

काय होत होतं ते सांगतो. वेबसाइटवरून एक लहानशी सेटअप फाइल उतरवायची असते. ती म्हणजे नुसता निरोप्या. ती चालवली की ती कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि खरं सॉफ्टवेअर घेऊन येते. इथे वेबसाइट झकास उघडत होती, निरोप्याही येत होता. पण तो माल आणायला निघाला की दोन सेकंदांत रिकाम्या हातानं परत. कारण काही सांगत नव्हता, फक्त एक एरर नंबर.

मी नेहमीच्या वाटेनं गेलो. इंटरनेटचा स्पीड बघितला, चांगला होता. डिस्कवर जागा भरपूर. सेटअप अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवला. फेल्ड. अँटीव्हायरस कधी कधी अतिउत्साही वॉचमनसारखा पाहुण्यांनाही हाकलतो, म्हणून तो बंद केला. फेल्ड. फायरवॉल बंद केली. फेल्ड. घरच्या वायफायवर शंका आली म्हणून माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट दिला. फेल्ड. दर वेळी मी स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघत होतो. दोन वीस. दोन सव्वीस. दोन एकतीस.

खरं सांगतो, मला घाम फुटला होता आणि मजाही येत होती. बावीस वर्षांनंतरही असा हट्टी एरर समोर आला की माझ्या अंगात काहीतरी संचारतं. पण सायलीकडे बघितलं की मजा संपायची. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

तिनं परीक्षेच्या हेल्पलाइनला फोन लावून स्पीकरवर ठेवला. पलीकडचा माणूस कागद वाचल्यासारखा बोलत होता.

"मॅडम, प्लीज क्लिअर युअर कॅश अँड कुकीज."

"कर चुके, भैया," मी मध्येच बोललो. "डाउनलोड सर्व्हर का कुछ प्रॉब्लेम है क्या?"

"नो सर. बाकी कॅंडिडेट्स को हो रा. आपके सिस्टम मेंच प्रॉब्लेम है."

हे ऐकून मला राग आला, पण माणूस बरोबर होता. बाकीच्यांचं होतंय म्हणजे दोष याच मशीनमध्ये. मग डोकं चाललं. निरोप्या जमत नसेल तर मालच आपण आणू! मी माझा लॅपटॉप उघडला आणि त्यावर तोच सेटअप चालवला. एका फटक्यात पूर्ण सॉफ्टवेअर उतरलं. मी अक्षरशः टाळी वाजवली. ती मोठी फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि सायलीच्या कम्प्युटरला लावली.

"आता बघा!"

नवी पाटी आली. "या फाइलची डिजिटल सही ग्राह्य नाही," अशा अर्थाची.

सायली मटकन खाली बसली. "दादा, राहू दे. माझ्या नशिबातच नाहीये."

"सायली," दारातून माणिकराव म्हणाले, "तसं म्हणू नको, बाई."

माझं मात्र उलट झालं. तीच फाइल माझ्या लॅपटॉपवर खरी आणि इथे खोटी? हा पहिला एरर होता ज्यानं काहीतरी कारण दिलं होतं. डिजिटल सही म्हणजे फाइलचं ओळखपत्र. कम्प्युटर कुठलीही फाइल घेण्याआधी, कुठल्याही सर्व्हरशी बोलण्याआधी हे ओळखपत्र मागतो. त्यावर दोन तारखा असतात, ड्रायव्हिंग लायसन्ससारख्या. अमुक दिवसापासून, तमुक दिवसापर्यंत. मी फाइलवर राइट क्लिक केलं, प्रॉपर्टीज उघडल्या आणि ओळखपत्र बघितलं. ते नवंकोरं होतं, गेल्याच आठवड्यात दिलेलं. मग मी वेळ बघायला पुन्हा कोपऱ्यात नजर टाकली. दोन त्रेचाळीस.

या वेळी वेळेच्या खालची ओळही वाचली.

ती तारीख मला पाठ होती, कारण त्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं होतं. आमच्या घरी महालक्ष्म्या जेवल्या तो दिवस. पुण्याकडे गौरी म्हणतात त्याच. त्याला सोळा दिवस होऊन गेले होते. इथे पितृपक्षातली नवमी उजाडली होती आणि या कम्प्युटरमध्ये अजून महालक्ष्म्यांना पुरणाचा नैवेद्य चालला होता!

"सापडलं!" मी एवढ्या जोरात ओरडलो की सायली दचकून उठली.

तिला भराभरा सांगितलं. ओळखपत्र गेल्या आठवड्यातलं. या मशीनच्या मते तो आठवडा अजून आलेलाच नाही. जे ओळखपत्र पुढच्या तारखेचं, ते बनावट. ज्या साइटची ओळखपत्रं जुनी होती त्या बिनतक्रार उघडत होत्या, म्हणून कोणाला संशय आला नाही. परीक्षेच्या डाउनलोड सर्व्हरचंही ओळखपत्र नुकतंच नवं झालेलं असणार.

"पण तारीख मागे गेली कशी? मी तर हात लावला नाही," सायली म्हणाली.

मी सेटिंग उघडलं. तारीख आपोआप बरोबर ठेवण्याचं बटण कोणीतरी मुद्दाम बंद केलं होतं.

"मी केलो," माणिकराव म्हणाले.

आम्ही दोघं वळलो. ते खुर्चीतून उठून उभे होते.

"चार दिवसांमागं मशीन घेऊन माणूस आला. मी त्याला म्हटलं, पितृपक्षात चालू नक्को करू. तो बोल्या, साब, मेरे को डेमो देनाच पडता. मग म्हटलं, तारीख तरी गणेश चतुर्थीची टाक. तो हसला, पण टाकला. चतुर्थीच्या तारखेला मशीन चालू झालं, मी कुंकू लावलं. तारखेनं काय होतंय, असं वाटलं मला."

"बाबा!" सायली एवढंच म्हणाली. त्यात राग होता, आणि राग करायची चोरीही.

मी माउस हातात घेतला. "काका, तारीख आजची करतो."

"थांब, थांब." ते पुढे आले. "दोनदा नकार आला तिला. दोन्ही वेळा ही आत ओट्याशी उभी राहून रडली, मी ऐकलो. या वेळेला तरी सुरुवात वाईट दिवसाची नको. पितृपक्षात नको करू रे बाबा तिचं काम सुरू."

दोन सत्तेचाळीस. बटण माझ्या बोटाखाली होतं. दाबून मोकळा झालो असतो, त्यांना थांबवताही आलं नसतं. पण म्हातारा माणूस तिच्यासाठी हात जोडायच्या बेतात होता, आणि ती तासभर परीक्षेला बसणार होती ती याच घरात, त्यांना मागच्या खोलीत ठेवून. त्यांचं मन असंच अडकलेलं ठेवून तिला बसवणं मला बरं वाटेना. शिवाय मी तरी कोण मोठा? पितृपक्षात मी स्वतः नवी चप्पल घेत नाही.

"काका, लग्नाचा मुहूर्त किती वेळाचा असतो?"

"क्षणाचा."

"अक्षता पडल्यावर घड्याळ तिथंच थांबवून ठेवतात का?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"मशीन चतुर्थीला चालू झालं. कुंकू लागलं. तुमचा मुहूर्त साधला. आता त्याला पुढं चालू द्या की! नाहीतर पोरगी मांडवातच बसून राहील."

माणिकरावांनी स्क्रीनवरच्या तारखेकडे बघितलं. मग एकदम हसले. "हौ रे. हे बरोबर." आणि माउसकडे हात केला. "सरक. मीच करतो."

त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. मी बोटानं दाखवलं, त्यांनी ते बटण दाबलं. एका क्षणात सोळा दिवस सरकले.

सेटअप पुन्हा चालवला. निरोप्या गेला आणि परत आलाच नाही, म्हणजे माल भरत होता! हिरवी पट्टी सुरू झाली. बारा टक्के. तीस. एकोणपन्नासला थांबली. मग साठ, ऐंशी, शंभर. "इन्स्टॉलेशन सक्सेसफुल." माणिकरावांनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की माझा चष्मा खाली आला. दोन सत्तावन्नला सायलीचा चेहरा कॅमेऱ्यानं ओळखला आणि खोलीत दुसरं कोणी नको अशी सूचना आली. आम्ही दोघं बाहेर पळालो. दार लावताना मी बघितलं, तिनं ओढणी खांद्यावर नीट टाकली होती आणि पाठ ताठ केली होती. मला एकदम भरून आलं. का कोण जाणे, माझी कोणी नाही ती.

पुढचा तास जिन्यात बसून काढला. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली की माणिकराव तिकडे रागानं बघायचे.

दहा दिवसांनी दुकानात फोन आला. "मुकुंददादा, झालं माझं!" सायली अक्षरशः किंचाळत होती. मीही दुकानात गिऱ्हाईक असताना "अरे व्वा!" म्हणून ओरडलो. मग फोन माणिकरावांनी घेतला.

"बघ, चतुर्थीला चालू केलतो ना मी मशीन? म्हणून झालं."

पाऊण तास माझा जीव कंठाशी आणणाऱ्या त्या चतुर्थीबद्दल मला बरंच बोलता आलं असतं. मी "हौ काका" म्हणालो. गिऱ्हाइकाचं मशीन चालू आहे, श्रेय त्यानं हवं त्याला द्यावं.

आणि दोष त्यांना तरी कसा देऊ? मी त्या कोपऱ्याकडे पंचवीस वेळा बघितलं असेल, आणि दर वेळी फक्त मिनिटं मोजली. आता कुठेही कॉलवर गेलो की बॅग उघडायच्या आधी तारीख वाचतो, तीही मोठ्यानं. लोकांना वाटतं, बिलावर टाकायला बघतोय.