बाईंच्या शेजारची जागा

सकाळी क्लेमेंटी या उपनगरातून विद्यापीठात जाणाऱ्या बसमध्ये त्या बाई रोज असायच्या. पश्चिम आफ्रिकेतल्या कादंबरीकार, वर्षभरासाठी आमच्या विद्यापीठाच्या पाहुण्या. डोक्याला पिवळाधमक रुमाल, दातांत पेन्सिल. बस खचाखच भरली तरी त्यांच्या शेजारी कुणी बसायचं नाही. मग त्या तिथे नव्या कादंबरीची पानं पसरून खाडाखोड करायच्या.

मागच्या सीटवर, शेजारी डबा ठेवून, मी हे बघायचो आणि माझं डोकं फिरायचं. स्टॉपवरच्या साहित्य महोत्सवाच्या पोस्टरवर बाईंचाच फोटो होता. त्याला खेटून सेल्फी काढणारी मंडळीच बसमध्ये त्यांच्यापासून लांब उभी राहायची.

एकदा न राहवून मी उठलो आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. त्यांनी पानं गोळा केली.

"सॉरी, तुमचं काम थांबवलं," मी म्हणालो. "पण या लोकांची लाज वाटते मला."

त्यांनी दातांतली पेन्सिल काढली. "तुमच्याही शेजारी कुणी बसत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्या जागेवर काय लिहिता?"

मला पुण्याहून या परक्या देशात येऊन चार वर्षं झाली होती. तेवढी वर्षं मी त्या जागेवर डबा ठेवत होतो, आणि ऐसपैस बसायला मिळतं म्हणून खूश होतो.