एक्स-रेच्या खोलीत सासू नको

फोन आला तेव्हा मी टेबलावर एका आप्पांचा गुडघा सरळ करत होते. नलूच्या भावाचा फोन. "नलू गेली. सकाळी चहा घेता घेता झटका आला..." आप्पांनी विचारलं, "काय झालं, पोरी?" मी म्हटलं, "काही नाही, हलू नका," आणि फोटो काढला. प्लेट तिरकी लागली होती, तो परत काढावा लागला. म्हाताऱ्याला उगाच दुसऱ्यांदा किरणं दिलीस म्हणून नलूनं मला सोलून काढलं असतं.

दौंडच्या शाळेपासूनची आमची मैत्री. मी शिरूरच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायला लागले, ती जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात गेली, राहायला मात्र दौंडलाच. सोनोग्राफीवाले मुलगा की मुलगी सांगत नाहीत ना, हे तपासणं तिचं काम. आमच्या मशीनची किरणं तपासायला येणारं ऑफिस निराळं, मुंबईचं. आमच्याकडं सोनोग्राफीही होते, म्हणून दोन्ही ऑफिसांनी आपापला बोर्ड लावायला लावला आणि भिंत एकच. एक बोर्ड म्हणतो, पोटात बाळ असेल तर आधी सांगा. दुसरा म्हणतो, पोटातलं बाळ मुलगा की मुलगी ही चौकशी गुन्हा. बायका दोन्ही वाचायच्या आणि गप्प बसायच्या. त्यात आपल्याकडं तिसरा महिना लागेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, ही रीत. आणि विचारायचं कुठं, तर सासू-सासऱ्यांच्या देखत.

कुरकुंभच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणाऱ्या एका मुलीचा कमरेचा फोटो असाच निघाला होता. दिवस गेलेत हे तिला ठाऊक होतं, पण सासू शेजारी उभी म्हणून बोलली नाही. नंतर नलूकडं येऊन एकच विचारत राहिली, "बाळाला काय हुईल का, मॅडम?" बाळ धडधाकट झालं, पण पोरीनं सगळे महिने जीव मुठीत धरून काढले. ते नलूच्या डोक्यातून जाईना. दोन्ही ऑफिसांनी मिळून एकच सूचना काढावी, प्रत्येक बाईला खोलीत एकटीला घेऊन विचारावं, एवढंच तिचं मागणं. जो तो म्हणायचा, हे आमच्या कक्षेत येत नाही. ही बया गप्प बसणारी नव्हती. चहासुद्धा उभ्यानं प्यायची. शेवटी मुंबईच्या साहेबांना आपल्या जीपमध्ये घालून तिनं ऐन बाजारच्या दिवशी शिरूरला आणलं आणि आमच्या बाकड्यावर बसवलं. साहेब भिंत बघून म्हणाले, "बोर्ड तर लावलाय की."

"लावलाय, साहेब. पण सून बोर्डाकडं बघत न्हाई, सासऱ्याकडं बघती. बसा घटकाभर."

साहेब बसले. दुपारपर्यंत एकेक सून सासऱ्याकडं बघून 'नाही' म्हणताना त्यांनी बघितली आणि जाताना नलूचं म्हणणं मान्य केलं. सूचनेचा मसुदा झाला. मग मुंबई म्हणे आधी जिल्ह्यानं सही करावी, जिल्हा म्हणे आधी मुंबईनं. नलू मला फोन करायची, "आलं का गं काही?" जणू ते माझ्याकडंच येणार होतं.

ती जाऊन काही आठवडे झाले. अजून काही आलेलं नाही. मला राग येतो, कुणावर काढायचा ते कळत नाही. हात कामात असले तरी जीव थाऱ्यावर नाही... तिच्या खुर्चीवर आता कोण बसणार, त्याला हे सगळं मुळापासून कोण सांगणार?

गेल्या आठवड्यात कोरेगाव भीमाकडची एक पोरगी आली. गाडीवरून पडली होती, कंबर धरून चालत होती. सासू आत यायला लागली तशी मी दारात आडवी उभी राहिले. "मावशी, हितं एकटा पेशंट थांबतो. नियम हाय."

दार लावून विचारलं, "पाळी कधी आली होती?" पोरीनं बोटं मोजली. "दीड महिना झाला. बाहेर बोलू नका, ताई." मी फोटो काढला नाही. तिला चिठ्ठी देऊन डॉक्टरांकडं पाठवलं.

सासूबाई माझ्यावर तापलेल्याच होत्या. "माझ्या सुनंपास्नं मलाच लांब ठिवायचं? कुणी काढला हा नियम?"

"आमच्या मॅडमनी."

"कुठं असत्यात त्या? मला बोलायचंय त्यांच्याशी."

"दौंडला," मी म्हटलं.