फोटोखालची ओळ

"मावशी, खरं सांगजो, तुले काय वाटते?" असं ती विचारायची आणि उत्तर येईपर्यंत परातीतली कणिक चिमटीत घेऊन तिची गोळी करत बसायची. मी मुलींच्या वसतिगृहात पोळ्या करते. तेलाचा रिकामा पिपा पालथा घालून ती माझ्यासमोर बसे. अशी मुलगी तुम्हीही पाहिली असेल. चारचौघींत तोंड उघडणार नाही आणि शेगडीजवळ गप्प राहणार नाही.

समुद्रपूरकडच्या खेड्यातून ती वर्ध्याच्या कॉलेजात आली. पहिल्याच वर्षी स्वतःची ओळख असा एक विषय होता. दोन पानं लिहायची होती. तिनं वही माझ्यापुढे धरली. मी वाचली. नाव, गाव, बापाचं नाव, संपलं.

"एवढीच आहे काय वं तू?"

"मंग काय लिहू?"

"तू भात आधी खाते, पोळी मंग. घरून फोन आला का जिन्याखाली जाऊन बोलते. हे लिही."

तिनं लिहिलं. सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. त्या दिवशी ती पाच पोळ्या जेवली. वहीतल्या दोन चुका मी दाखवल्या होत्या, तेही ती सगळ्या मुलींना सांगत फिरली. "आपली मावशी चौथी शिकली, पण अक्षर पाहा!" मला लाज वाटली. बरंही वाटलं.

दुसऱ्या वर्षी तिचे प्रश्न दुसऱ्यांकडे वळले. भांडी घासणारी किती वाजता उठते, तिच्या घरी पाणी कोण भरते. मलाही विचारलं. माझी शाळा का सुटली ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं. धाकट्या भावाला सांभाळायला मला घरी ठेवलं, पण पाटी मी लग्नापर्यंत जपली. ती लिहून घेत होती. माझं बोलणं कोणी लिहून घेतं, याचंच मला अप्रूप.

तिसऱ्या वर्षी जग आलं. पिठाच्या डब्यावर तिनं नकाशा चिकटवला.

"मावशी, आपल्या शेतातला कापूस कुठंकुठं जाते, माहीत हाये? हे तुझं पोलकं कोणत्या देशात शिवलं असंल?"

"बसस्टँडजवळच्या टेलरनं शिवलं. काखेत घट्ट केलं मेल्यानं."

ती पिप्यावरून पडेपर्यंत हसली.

मग कॉलेजात बाहेरदेशचे पाहुणे आले. मुलींनी आपापले प्रकल्प भिंतीवर लावले होते. चहा द्यायला मला बोलावलं. ट्रे घेऊन गेले तर भिंतीवर मी. पोळी लाटतानाचा मोठा फोटो. माझ्या मागे फळा दिसत होता, 'आज भेंडी, वरण, भात'. तो रोज मीच लिहिते. फोटोखाली इंग्रजीत काहीतरी होतं आणि त्याच्याखाली मराठीत: निरक्षर स्वयंपाकीण.

मी ती ओळ दोनदा वाचली.

ती माझ्या खांद्यावर हात ठेवून पाहुण्यांशी भराभर इंग्रजी बोलत होती. एका बाईनं डोळे पुसून मला हात जोडले. मी चहा पुढे केला.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली, पण बसली नाही.

"मावशी, राग आला काय? सर म्हणे, चौथी शिकली असं लिहिलं तर पाहुण्यांवर असर होत नाई."

"अन् तुले काय वाटलं?"

"जगापुढं मांडाचं म्हणजे थोडं सोपं करा लागते, मावशी."

"बरं," मी म्हटलं. मला भांडता येत नाही. तव्यावरची पोळी तेवढी जळली.

त्याच प्रकल्पावर तिला परदेशात पुढे शिकायला जागा मिळाली. जाताना पाया पडली. मी मनापासून आशीर्वाद दिला. त्यातला एक शब्दही परत घेणार नाही. पण नकाशा काढून टाकला.

परवा नव्या वॉर्डन मॅडम फोन घेऊन आल्या. "मावशी, तुमच्या मुलीचा मेसेज आहे." फोटोत ती बर्फात ताठ उभी होती, काळा कोट, केस कापलेले. खाली लांबलचक मजकूर. मॅडम फोन माझ्या हातात देऊन चष्मा आणायला गेल्या. वरची ओळ समोरच होती.

'मॅडम, हे मावशीले वाचून दाखवजा.'

मॅडम चष्मा घेऊन आल्या. मी फोन त्यांच्याकडे दिला, हात पदराला पुसले आणि ऐकायला उभी राहिले.